लसाविचा दिवस

माझ्या यादीत त्या दाराचं नाव नव्हतं. 'स्वयंपाकघर' या मथळ्याखाली बाकी सगळं होतं. पितळी डबे टिटवाळ्याला, नितीनकडे. मोठी कढई ठाण्याला, माझ्याकडे. पाटा-वरवंटा, कुणी नेला तर. भिंतीतलं कपाट, रिकामं करून तसंच सोडणे.

डोंबिवलीची आमची इमारत पाडून नवी बांधणार आहेत. येत्या शनिवारी किल्ल्या द्यायच्या. त्याआधीच्या रविवारी मी कपाटाजवळचं पाण्याचं पिंप हलवलं. त्या पिंपामुळे कपाटाचं दार कायम अर्धंच उघडायचं. त्या दिवशी ते पहिल्यांदा सबंध उघडून भिंतीला टेकलं, हिंगाचा आणि जुन्या गुळाचा वास आला, आणि दाराच्या आतल्या बाजूला टिकल्या दिसल्या. लाल, मरून, मधूनच एखादी काळी. काहींची मखमल उडालेली, काही ठिकाणी टिकली गळून नुसता डिंकाचा पिवळा गोल उरलेला.

आई खुर्चीवर बसून माझं काम पाहत होती. "राहिल्यात होय अजून?" ती म्हणाली. "मला वाटलं, झुरळांनी खाल्ल्या असतील."

मी यादी बाजूला ठेवली आणि पाटावर बसले.

लहानपणी आमच्या घरात सतत कुणीतरी झोपलेलं असे. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. तिथली भट्टी कधी विझत नसे, म्हणून तिथे रविवारही नसे. ज्याला त्याला दर सहाव्या दिवशी सुटी. आई कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिथलं चक्र वेगळं, तिला दर आठव्या दिवशी सुटी. त्यात दोघांच्या पाळ्या बदलत्या. बाबा रात्रपाळी करून आले की आई निघायची, आई आली की बाबा डबा उचलायचे. दारातच दोघांचं बोलणं व्हायचं. "दूध तापवलंय. नित्याचं पोट बिघडलंय. इस्त्रीवाला येईल." आई त्याला चार्ज देणं म्हणायची.

त्यामुळे मी आणि नितीन कुजबुजतच मोठे झालो. झाकण कसं अलगद ठेवायचं, कडी कशी न वाजवता सरकवायची, हे आम्हाला बाराखडीच्या आधी येत होतं. डाळ कुकरऐवजी पातेल्यात शिजायची. रेडिओला कान लावून गाणी ऐकायची. नितीन तर उशीत तोंड खुपसून शिंकायचा. काही पडलं, वाजलं, की आम्ही दोघं एकदम ओठांवर बोट ठेवायचो. शू! घर कसं आहे ते आम्हाला वासावरून कळायचं. मशीनच्या तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास आला की आत बाबा झोपलेत. स्पिरिटचा आणि उकळलेल्या कापसाचा आला की आई.

कधीतरी दोन्ही वास एकदम यायचे. त्या दिवसाची आम्ही वाट पाहत असू.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. बाबांच्या सुटीला गोल, आईच्या सुटीला फुली. गोलात फुली पडली की तो दिवस आमचा. त्या दिवशी सकाळी चौघांचा चहा एकाच पातेल्यातून गाळला जायचा. कुकर लागायचा आणि त्याच्या शिट्ट्या मोजायची चढाओढ लागायची. रेडिओ मोठा. बाबा अंघोळ करताना गायचे, आई भांडी आपटून घासायची, मुद्दामच. खाडीवरची कोळीण दारात टोपली उतरवायची आणि आत डोकावून म्हणायची, "कं गो सिस्टर, आज दोगंव घरान? मंग चिंबोऱ्या घे, भरलेल्या हान." पिशवीत त्या खेकड्यांच्या नांग्यांची खरखर चालायची आणि नितीन मोरीच्या दाराआडून ती ऐकायचा. दुपारभर घरात कालवणाचा वास. संध्याकाळी चौघं खाडीच्या बंदरावर जायचो, कुरमुरे खायचो, भरतीचं पाणी चिखलावर चढताना पाहायचो. विशेष काही नाही. चौघं एका बाकावर मावायचो, एवढंच.

मी सहावीत असताना हा दिवस आधीच हुडकून काढायचं मनावर घेतलं. याद्या करायची सवय मला तेव्हापासूनची. सहा आणि आठ, म्हणून मी गुणाकार केला. अठ्ठेचाळीस. तारखा मोजल्या तर दिवस थेट परीक्षेत जाऊन पडला. मी रडायला बसले.

आई नुकतीच आलेली. डोक्यावरची टोपी काढून पिना तोंडात धरलेल्या. तशीच खाली बसली आणि कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे पेन्सिलीने लिहिलं.

"सहाचे मूळ अवयव पाड."

"दोन गुणिले तीन."

"आठचे?"

"दोन, दोन, दोन."

"दोघांत सारखं काय?"

"एक दोन."

"मग तो दोनदा कशाला मोजतेस? जे दोघांचं आहे ते एकदाच मोजायचं." तिने दोन्हीकडच्या एकेका दोनभोवती मिळून एकच गोल काढला. "आता कर. दोन, त्याचे उरलेले तीन, माझे उरलेले दोन दोन."

चोवीस. दिवस अर्ध्या वाटेवर आला. मी तोंड उघडं टाकून कागदाकडे पाहत राहिले. बाईंनी वर्गात हेच फळ्यावर केलं होतं, लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, पण तिथे ते गणित होतं. इथे चिंबोऱ्या होत्या.

"आणि दोघांत काहीच सारखं नसतं तर?" मी विचारलं.

"तर पूर्ण गुणाकार. सारखं जेवढं जास्त, तेवढी भेट लवकर." आईने तोंडातल्या पिना काढल्या. कपाळावरची टिकली काढून तिने त्या तारखेवर चिकटवली. "घे. आता नीज."

तेव्हापासून त्या दिवसाचं नावच लसावि पडलं. बाबा दारात बूट घालताना विचारायचे, "काय मॅडम, लसावि कधी?" महिना संपून पान फाडलं की आई त्यावरची टिकली काढून कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवायची. फुकट कशाला घालवायची, म्हणायची. पण तिथून काढून पुन्हा वापरल्याचं मला आठवत नाही.

अडचण शाळेची होती. शाळेला रविवारी सुटी, म्हणजे सात. मी सात घालून पाहिलं आणि उत्तर एवढं मोठं आलं की बाबा हसायलाच लागले.

"सात कुणाचंच ऐकत नाही गं. त्याला कुणाशी काही वाटून घ्यायचंच नसतं."

"मग काय करायचं?"

"शाळा बुडवायची," आई म्हणाली. हीच आई आम्हाला तापात शाळेत पाठवायची.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी न्यायची: कौटुंबिक कारणामुळे गैरहजर. तिसऱ्यांदा अशी चिठ्ठी गेली तेव्हा गणिताच्या बाईंनी मला उभं केलं. बाई कडक, नाकावर चष्मा, हातात खडू.

"कसलं गं हे कौटुंबिक कारण?"

"लसावि, बाई."

सगळा वर्ग हसत सुटला. बाईंनी हसू दिलं आणि मग मला फळ्याशी बोलावलं. मी सहाचे अवयव पाडले, आठचे पाडले, सारखा दोन एकदाच घेतला, आणि आई-बाबा कोण आहेत ते सांगितलं. बाईंनी उत्तराखाली खडूने रेघ ओढली. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "लसाविचा उपयोग काय, असं कोण विचारत होतं काल?" आणि मला हळूच, "पुढचा कधी आहे ते आधी सांगून ठेव. त्या दिवशी चाचणी घेणार नाही." त्या बाईंचा खडूने पांढरा झालेला पदर मला आजही दिसतो. त्यांचे आभार मानायचे राहिले, म्हणून इथे मानते.

मग एकदा टिकलीचा दिवस आला आणि बाबा डबा घेऊन कामावर गेले.

झालं होतं एवढंच, की बाबांबरोबर काम करणाऱ्या एकाच्या मुलीचा साखरपुडा होता. बाबांनी त्याला आपली सुटी दिली आणि स्वतः दुसऱ्या दिवशी घेतली. कारखान्याची रीत अशी, की सुटी ज्या दिवशी घेतली तिथून पुढची मोजणी. एका दिवसाचा फरक. बाबांना वाटलं, काय मोठंसं, लसावि एक दिवस इकडे-तिकडे होईल.

मी नवे गोल काढत गेले. पान उलटलं, आणखी एक पान उलटलं. गोल फुलीच्या शेजारी यायचा, कधी अलीकडे, कधी पलीकडे. फुलीवर एकदाही नाही.

आमच्या मजल्यावर लांबलचक गॅलरी होती, आणि तिच्यात काळी-पांढरी, काळी-पांढरी अशा फरश्या. दुपारी मी नितीनला बाहेर काढलं. मी डोक्यावर रुमाल बांधून आई झाले, तो रिकामा डबा घेऊन बाबा. आधी दोघं एकाच काळ्या फरशीवरून निघालो, तो सहा-सहा फरश्या मोजून, मी आठ-आठ. चोविसाव्या फरशीवर दोघांची टक्कर झाली. बरोबर. मग मी नितीनला एक फरशी पुढे उभा केला. तो पांढरीवर, मी काळीवर.

गेलो. गॅलरी संपली, उलटे वळून आलो, पुन्हा गेलो. नितीन कंटाळला. "ताई, मी तुझ्या शेजारी येतो, पण तुझ्यावर येतच नाही."

मी खाली पाहिलं. तो पांढरीवरच होता. मी काळीवरच. सहा फरश्या पुढे गेलं की रंग तोच, आठ फरश्या पुढे गेलं तरी रंग तोच. दोघांत जो दोन सारखा होता, ज्याच्यामुळे भेट लवकर व्हायची, त्यानेच आता आम्हाला आपापल्या रंगात डांबून ठेवलं होतं. सात असता तर कधी ना कधी आला असता. हे दोघं येणारच नव्हते.

बाबा जेवत होते तेव्हा मी त्यांना सांगितलं. कधीच नाही, असं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. "एका दिवसाने?" ते म्हणाले. मग उठून गॅलरीत गेले आणि उष्ट्या हाताने स्वतः फरश्या मोजून आले.

आई रात्रपाळीहून आली तेव्हा तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "कुणीतरी एक फरशी सरकायला हवं, एवढंच ना? मी सरकते." मेट्रनला विचारून ती आपल्या सुटीच्या दिवशी कामावर गेली आणि सुटी दुसऱ्या दिवशी घेतली. मी नव्या फुल्या मांडल्या. गोलात फुली पडली. टिकली लागली. नितीनने तर आदल्या दिवशीच चिंबोऱ्यांची वर्दी दिली.

त्या सकाळी चौघांचा चहा उकळत होता आणि बाबा बुटांची नाडी बांधत होते.

"अहो, कुठे निघालात? आज सुटी ना तुमची?"

"उद्या." बाबा खुशीत हसले. "गंमत सांगायची होती तुला. सुटी एक दिवस पुढे ढकलून घेतली मी. आता बघ, जुळेल तुझ्याशी."

आई चिमट्यात पातेलं धरून तशीच उभी. "अहो, मी सरकले होते ना!"

"तू कधी सरकलीस?"

"गेल्या सुटीला! तुम्हाला कुणी सांगितलं होतं सरकायला?"

"आणि तुला कुणी सांगितलं होतं?"

"कार्टीने सांगितलं नाही का तुम्हाला?"

"मला वाटलं, बाबांना माहितीये," मी म्हणाले.

काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर. दोघं एकमेकांसाठी सरकले होते आणि पुन्हा शेजारी-शेजारी उभे होते. आधी आई रागावली. मग बाबांचा चेहरा पाहून तिला हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ती ओट्याला धरून हसत राहिली. बाबाही, एक पाय बुटात, एक बाहेर. शेजारच्या खोलीत रात्रपाळीचं कुणी झोपलेलं नव्हतं, तरी आम्ही दोघांनी सवयीने ओठांवर बोटं ठेवली होती.

"आता ऐका," आईने डोळे पुसत सांगितलं. "तुम्ही आहात तिथे थांबा. हलू नका. मी येते."

बाबा थांबले. आई आणखी एक दिवस सरकली. त्यानंतरचा लसावि मला पूर्ण आठवतो. बाबांनी कुकरची अकरावी शिट्टी होऊ दिली आणि भाताचा चिखल झाला.

पुढचं सगळं कुणाच्याही घरासारखं. शिक्षण, नोकऱ्या, लग्नं. मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात ड्यूटीचे तक्ते बनवते. लोक म्हणतात, किचकट काम. मला वाटत नाही. आमच्याकडे एक जोडपं आहे, तो एक्स-रे विभागात, ती वॉर्डात. त्यांच्या सुट्या मी बघून एका रंगाच्या फरशीवर ठेवते. त्यांना याचा पत्ता नाही. आपली सुटी बरी जुळते म्हणून ते देवाला नारळ फोडत असतील. फोडू देत. ज्यांच्याकडून मी हे शिकले, त्यांना तो पोचतो.

बाबा गेले त्याला काही वर्षं झाली. आईने टिकली सोडली नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा आडून विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "लागते मला. हिशोबाला."

"काय बघतेस एवढं?" आईच्या आवाजाने मी पाटावरून उठले.

"काही नाही. नितीन कधी येणार आहे?"

"तुझ्या यादीत असेल." ती सहज बोलली, पण मग गप्प झाली नाही. "दहा-बारा दिवस झाले, तुम्ही दोघं घर आवरताय. तू रविवारी येतेस, तो त्याच्या सुटीला येतो. तो पुस्तकं नेतो, तू भांडी नेतेस. मला निरोप देता. ताईला सांग, नित्याला सांग. चार्ज देता-घेता दोघं. घर रिकामं झालं, पण या घरात मी तुम्हाला एकत्र पाहिलं नाही."

खरं होतं. मीच तसं आखलं होतं, कुणाची खेप वाया जाऊ नये म्हणून. नितीन वीज उपकेंद्रात पाळीने काम करतो, आणि त्याचीही सुटी दर सहाव्या दिवशी. माझा रविवार, म्हणजे सात. मी मनातल्या मनात मोजलं. पुढची गाठ किल्ल्या दिल्यानंतर कितीतरी दिवसांनी पडत होती. तोवर ही भिंत नसेल.

मी नितीनला फोन लावला.

"अगं ताई, मी परवाच येऊन गेलेलो ना? काय राहिलं?"

"तुझी पुढची सुटी गुरुवारीच ना?"

"हो, गुरुवारी. का?"

"लसावि करायचाय. इथे. शनिवारच्या आत."

पलीकडे उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरची घुंई ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "थांब, मी बघतो. अदलाबदल करतो कुणाशी तरी, शुक्रवार मिळाला तर तुला..."

"नितीन! हलू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की आईने दचकून वर पाहिलं. "आहेस तिथे थांब. मी येते."

मग तो हसायला लागला, बाबांसारखा, थांबत थांबत.

सोमवारी मी गुरुवारच्या रजेचा अर्ज दिला. तक्ता मीच बनवते, तरी आयत्या वेळची रजा मी आजवर घेतली नव्हती. हाताखालच्या मुलीने कारण वाचलं. "कौटुंबिक? मॅडम, घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. शाळा बुडवतेय."

गुरुवारी नितीन माझ्या आधी पोचला होता. कोळीण आता येत नाही, तिची सून बाजारात बसते. तिच्याकडून त्याने चिंबोऱ्या आणल्या होत्या, आणि आजही पिशवी तो हात लांब ठेवून धरत होता. नेलेला कुकर मी परत आणला. गॅस सिलिंडर द्यायचं राहिलं होतं, ते बरंच झालं. रिकाम्या घरात शिट्टी केवढी घुमते, हे आम्हाला माहीत नव्हतं. तिघं जमिनीवर बसून जेवलो. नितीन नांगी फोडत म्हणाला, "बाबांना ही मोठी द्यायचो आपण." आईने ती मोठी नांगी त्याच्याच ताटात सरकवली.

जेवण झाल्यावर आई उठली, कपाटाशी गेली. कपाळावरची टिकली नखाने काढून तिने दारावर रिकामी जागा शोधली. मरून टिकल्यांच्या गर्दीत, खालच्या कोपऱ्यात, एक होती. तिथे अंगठ्याने दाबून बसवली. नितीनने स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मला विचारलं, "यादीत कुणाकडे आहे हे?"

"लिहिलंच नाहीये."

"मग तू वरची बिजागरी धर."

आई सतरंजीवर आडवी झाली. तिचा डोळा लागला असं वाटलं. कपाळावर टिकलीच्या जागी फिकट गोल उमटला होता. नितीन खालचा स्क्रू फिरवत होता, तेवढ्यात त्याचा पाय लागून पातेलं कलंडलं आणि फरशीवर ठणठणत गोल गोल फिरत राहिलं.

आम्ही दोघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. शू!

"आज कसलं शू?" आई डोळे न उघडता म्हणाली. "वाजू दे की."